नवी गाडी, रंगवलेलं दार: खोट दिसल्यावर काय काय करायचं

दसऱ्याच्या संध्याकाळी गाडी घरी आली. मागच्या सीटवर फाफडा-जलेबीचा पुडा, बॉनेटवर आईनं काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबं. शोरूमच्या पांढऱ्या दिव्यांखाली गाडी आरशासारखी चमकत होती आणि आम्ही सगळे त्या आरशात आपापले चेहरे बघत होतो. गाडी कोणीच बघितली नाही.

आठव्या दिवशी भर दुपारी ओल्ड पादरा रोडवर हवा भरायला थांबलो. बायको उतरली, चार पावलं मागे सरली आणि म्हणाली, "अहो, हे मागचं दार जरा वेगळं नाही का दिसत?" गाडी राखाडी मेटॅलिक. पुढचं दार थंड राखाडी, मागचं किंचित पिवळट. सावलीत घेतली तर फरक गायब. पुन्हा उन्हात घेतली, पुन्हा हजर.

त्यानंतरचा दीड महिना त्या दारापायी गेला. आज बडोद्यात ओळखीतल्या कोणी नवी गाडी घेतली की मला फोन येतो, म्हणून एकदाच सगळं क्रमानं लिहून टाकतो. मी स्वतः यातलं बरंचसं उलट्या क्रमानं केलं होतं.

आधी हात आवरा

मी तडक शोरूम गाठलं. तिथला मुलगा हसून म्हणाला, "लावो ने साहेब, बफिंग मारी दइए, पांच मिनिटनुं काम छे." मी किल्ली पुढे केलीसुद्धा होती. तेवढ्यात मकरपुऱ्यात डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवणाऱ्या मामांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "अरे, मशीन लागलं की पुरावा गेला. किल्ली परत घे."

तेव्हा पहिला नियम हाच. बफिंग नाही, रबिंग नाही, पॉलिश नाही, वॉशिंग सेंटर नाही. सिरॅमिक कोटिंग किंवा पारदर्शक फिल्म लावायची वेळ ठरवली असेल तर ती पुढे ढकला. धूळ असेल तर घरी नुसतं पाणी ओता आणि मऊ कपड्यानं टिपून घ्या.

मग फोटो. भर उन्हातले आणि सावलीतले, दोन्ही. सकाळी आठ-नऊचं तिरपं ऊन सगळ्यात चांगलं, त्यात रंगाची लाट दिसते. आधी एक सलग व्हिडिओ घ्या: नंबरप्लेट, किंवा नंबर आला नसेल तर चासी क्रमांक, तिथून न थांबता खोट असलेल्या भागापर्यंत, आणि शेवटी मीटरवरचे किलोमीटर. मधे कट नको, नाहीतर "हे दार दुसऱ्याच गाडीचं" म्हणायला वाव राहतो. ओरखडा असेल तर शेजारी एक रुपयाचं नाणं किंवा पट्टी धरा. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो आकसतो आणि त्यातली तारीख-वेळेची नोंद पुसली जाते. प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेलं तर फोटोंसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागू शकतं. मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं.

खोट कोणत्या जातीची आहे?

भांडायच्या आधी हे ठरवा, कारण प्रत्येक जातीची दाद वेगळी.

गाडीवर रंगाचा एक थर नसतो, चार असतात. पत्र्यावर गंजरोधक थर. पत्रा टाकीत बुडवून विजेच्या भारानं तो चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, ज्याला आपले पेंटर लॅकर म्हणतात. चारही मिळून जाडी साधारण ९० ते १४० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुम्ही ज्या रंगाच्या प्रेमात पडून गाडी घेतली, तो त्यातला जेमतेम १५-२० मायक्रॉन. वरची चमक ३५ ते ५० मायक्रॉनच्या लॅकरची.

ओरखड्यावर पाणी शिंपडा. ओला असताना दिसेनासा झाला तर तो लॅकरमध्येच आहे. नखाची कड आडवी फिरवा. नख अडकलं नाही तर हलक्या पॉलिशनं जाईल. अडकलं तर खोल आहे. तळाशी करडा किंवा पांढरा रंग दिसतो म्हणजे प्रायमर लागलं, आणि धातू चमकत असेल तर दिरंगाई नको, बडोद्याच्या पावसाळ्यात तिथून गंज धरेल.

काही खोटी खऱ्या नसतातच. पांढऱ्या गाडीवर पहिल्या पावसानंतर बारीक तांबूस ठिपके दिसतात आणि माणूस घाबरतो की पत्रा गंजला. बहुतेक वेळा ते रेल्वेतून किंवा कारखान्यांजवळून येताना बसलेले लोखंडाचे कण असतात. त्यासाठी द्रावण मिळतं. कणांना लागलं की जांभळं होऊन ओघळतं, आणि ठिपके निघून जातात. पक्ष्यांची शीट मात्र खरंच लॅकर खाते, तिच्यात आम्ल असतं आणि उन्हात ते भाजून निघतं. ज्या शहराचं नावच वडावरून पडलंय तिथे झाडाखाली गाडी लावणारे आपण, तेव्हा हा डाग शोरूमच्या माथी मारू नका, ते ओळखतात.

आणि आईचं स्वस्तिक. हळदीचा डाग चार दिवस उन्हात राहिला की आपोआप फिकट होतो. हल्लीच्या कुंकवात रासायनिक रंग असतो, तेलात कालवलेलं असेल तर फिकट गाडीवर कायमचा गुलाबी ठसा राहू शकतो. आमच्याकडे राहिला नाही, पण शोरूमवाल्यांनी विचारलंच: "साहेब, पूजा वेळे कांई लगाड्युं हतुं?" बॉनेटवरचं कुंकू मागच्या दारावर कसं जाईल, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

आता खरी जात: विकण्याआधीच ठोकलेली, दुरुस्त करून, रंगवून, नवी म्हणून दिलेली गाडी. ट्रेलरवर चढवता-उतरवताना, यार्डात मागे घेताना, पार्किंगमध्ये दार उघडताना हे होतं. झालं यात गुन्हा नाही, लपवणं हा गुन्हा. ते असं पकडायचं:

दाराच्या काचेचं रबर बोटानं उलटवा. रबराच्या कडेवर रंगाचा तुषार किंवा चिकटपट्टीची सरळ रेघ असेल तर तिथे स्प्रे चालला आहे. आमच्या दाराच्या रबरावर मोहरीएवढा राखाडी ठिपका होता. सगळ्या प्रकरणाला कलाटणी त्यानं दिली. मग बिजागऱ्यांचे आणि फेंडरचे बोल्ट बघा. कारखान्यात ते रंगासकट येतात, पाना लागला की कोपऱ्यांवरचा रंग उडतो. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पत्र्यावर पाडा. कारखान्याच्या रंगालाही संत्र्याच्या सालीसारखा बारीक पोत असतो, पण तो शेजारच्या दारावरही तसाच हवा. एका दारावर साल आणि दुसऱ्यावर काच, म्हणजे दोघांचे रंगारी वेगळे. रंगात अडकलेला धुळीचा कण, लॅकरखाली पाणीपेपरच्या (ओल्या घासकागदाच्या) बारीक रेघा, या वर्कशॉपच्या खुणा.

बंपरचा रंग बॉडीपेक्षा किंचित वेगळा दिसला तर मात्र लगेच आरडाओरड नको. बंपर प्लास्टिकचा, तो बहुतेक वेगळा रंगवून येतो, आणि मेटॅलिकमध्ये थोडा फरक कारखान्यातूनच असतो. "मेटॅलिकमां एवुंज लागे" हे वाक्य बंपरपुरतं खरं आहे. दोन शेजारच्या दारांबाबत ऐकून घेऊ नका.

मीटर लावा

रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर काही हजारांत ऑनलाइन मिळतं. जुन्या गाड्यांचे दलाल ते खिशात ठेवतात, त्यांच्याकडून तासाभरासाठी मागून घेतलं तरी चालतं. आधी छत मोजा. छत सहसा कोणी रंगवत नाही, म्हणून तो तुमचा मापदंड. मग प्रत्येक भागावर पाच जागी, आणि डावी बाजू उजवीशी जुळवून. दाराच्या आतल्या कडांवर आकडा कमी येतो, तो दोष नाही. प्लास्टिकवर साधं मीटर चालत नाही. बॉनेट ॲल्युमिनियमचं असेल तर ॲल्युमिनियम ओळखणारं मीटर हवं.

आमचं छत १०५ ते ११५. पुढचं दार १२०च्या आसपास. मागचं दार २७० ते ३१०, आणि खालच्या कोपऱ्यात एका जागी ६४०. दोनशेच्या वर म्हणजे बहुधा दुसऱ्यांदा रंग, पाचशे-सहाशे म्हणजे खाली पुट्टी, जिला पेंटर लांबी म्हणतात. मामांनी बोटानं ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाले, "इथे लांबी भरलीय." आकडे कागदावर गाडीचं चित्र काढून त्यावर लिहा, मीटरच्या पडद्याचा फोटो भागासकट घ्या. एखाद-दुसऱ्या आकड्यावर वाद घालू नका, कारखान्यातही कधीमधी दुरुस्ती होते आणि जाडी १८० दाखवते. सगळ्या गाडीत एकच भाग उठून दिसतो का, ते महत्त्वाचं.

तोंडी नाही, लेखी

त्याच दिवशी ईमेल. शोरूमच्या मॅनेजरला, आणि प्रत कंपनीच्या ग्राहक सेवेला. भाषा कुठलीही चालेल, मजकूर साधारण असा:

"दि. … रोजी तुमच्याकडून घेतलेल्या गाडीच्या (चासी क्रमांक …, बिल क्रमांक …) डाव्या मागच्या दारावर दि. … रोजी रंगाचा फरक दिसला. तेव्हा गाडी … किलोमीटर चालली होती. ताबा घेतल्यापासून गाडीला धक्का लागलेला नाही, कुठेही रंगकाम किंवा पॉलिश झालेलं नाही. रंगाची जाडी छतावर सरासरी … आणि या दारावर सरासरी … मायक्रॉन आहे. विक्रीपूर्वी या दारावर काम झालं असल्यास त्याचं जॉब कार्ड (वर्कशॉपमधली कामाची नोंद), तसंच डिलिव्हरीपूर्व तपासणीचा कागद सात दिवसांत द्यावा. तुमच्या प्रतिनिधीनं माझ्या समक्ष पाहणी करून लेखी अहवाल द्यावा. तोवर गाडीवर कुठलंही काम करायला माझी संमती नाही."

शेवटचं वाक्य विसरू नका. "फसवलंत", "चोर आहात" वगैरे लिहू नका, मनात कितीही आलं तरी. हा कागद उद्या तिसरा माणूस वाचणार आहे.

एक युक्ती मला उशिरा सुचली. त्याच कंपनीच्या दुसऱ्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन चासी क्रमांकावर गाडीचा इतिहास काढायला सांगा. विक्रीच्या तारखेआधीचं जॉब कार्ड सिस्टिममध्ये असेल तर तिथे दिसतं. माझ्या गाडीचं दिसलं नाही, काम बाहेरच उरकलेलं होतं, पण ओळखीतल्या एकाला असंच सापडलं.

"पण तुम्ही तर गाडी सुस्थितीत मिळाली म्हणून सही केलीय", हे ते म्हणणारच. केली असेल तर केली. संध्याकाळी दिव्याखाली न दिसणारी, मुद्दाम झाकलेली खोट त्या सहीनं माफ होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम २(४७)मध्ये डागडुजी केलेला किंवा जुना माल नवा म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. ईमेलमध्ये या कलमाचा नुसता उल्लेख झाला की उत्तर देणारा माणूस बदलतो, हा माझा अनुभव.

काय मागायचं, आणि काय मुळीच घ्यायचं नाही

इथे माझं मत ठाम आहे. बहुतेक लोक तावातावानं म्हणतात, "मला पूर्ण दार नव्यानं रंगवून द्या!" शोरूमला हेच हवं असतं, त्यांचं ते सगळ्यात स्वस्तात सुटणं. आणि तुमचं सगळ्यात मोठं नुकसान.

कारण सांगतो. कारखान्यात उघडा पत्रा रंगतो. गंजरोधक थर १६० ते १८० अंश सेल्सिअसला भाजला जातो, वरचे थर १४०च्या आसपास. वर्कशॉपमध्ये पूर्ण गाडी उभी असते, तिच्यात वायरी, रबर, प्लास्टिक, काचा. भट्टी ६०-७० अंशांच्या वर नेता येत नाही. म्हणून तिथले रंग वेगळ्या रसायनाचे, हार्डनर घालून सुकवायचे. चांगला कारागीर उत्तम काम करतो, पण कारखान्याचा रंग एकदा घासून काढला की तो परत येत नाही. शिवाय पाच वर्षांनी गाडी विकताना समोरच्याचं मीटर ३०० दाखवणार आणि तो म्हणणार, "ठोकलेली आहे."

म्हणून लॅकरमधला ओरखडा असेल तर हातानं हलकं पॉलिश, तेही एकदाच. प्रत्येक पॉलिश काही मायक्रॉन लॅकर नेतं. नखाएवढा टवका असेल तर ब्रशनं टचअप. पत्रा दबलाय पण रंग फुटला नाही, तर रंग न लावता आतून दाबून पोचा काढणारे कारागीर असतात, त्यांच्याकडून काढून घ्या आणि बिल शोरूमनं भरावं. उरलेल्या घसाऱ्यासाठी रोख भरपाई मागा. वाढीव वॉरंटी, फुकट सर्व्हिस वगैरे वर घ्या, पण पैशांऐवजी नको.

आधीच रंगवून दिलेली असेल तर पहिली मागणी गाडी बदलून द्यायची. नोंदणी झाली नसेल तर ती मिळण्याची शक्यता खरी असते. नोंदणी झाली की अवघड, कारण बदललेली गाडी त्यांना दुसऱ्या मालकाला विकावी लागते. न्यायालयंही अशा मागणीला हात आखडूनच दाद देतात. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात म्हटलं होतं की वॉरंटीत सदोष भाग बदलायची हमी असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. तेव्हा पहिली मागणी मोठी ठेवा, पण मनातला आकडा वेगळा असू द्या.

माझ्या बाबतीत तिसऱ्या बैठकीत मॅनेजरनं मान्य केलं की यार्डात खांबाला घासलं होतं. दार बदलायचं म्हणाले. मी नाही म्हणालो, नव्या दारालाही रंग वर्कशॉपमध्येच लागणार. चेक घेतला, दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घेतली, आणि त्या दारावरच्या रंगाची वेगळी लेखी हमी घेतली: पाच वर्षांत फुगला, सोलला, फिकटला तर त्यांच्या खर्चानं. "पूर्ण व अंतिम समझोता" असं लिहिलेल्या कागदावर चेक वटल्यावर सही केली, आधी नाही.

विम्याचा सापळा

कोणीतरी हळूच सांगेल, "साहेब, तुमचा झिरो-डेप (घसारा न कापणारा) विमा आहे, क्लेम टाकून देऊ, तुम्हाला काही पडणार नाही." पडतं. वर्षभर क्लेम नसेल तर पुढच्या वर्षी मिळणारी २० टक्के नो-क्लेम सवलत जाते, पाच वर्षांत ती ५० टक्क्यांपर्यंत चढते, ती सगळी शिडी पुन्हा तळापासून. वर सक्तीची कपात १५०० सीसीपर्यंत १००० रुपये, त्यापुढे २००० रुपये. आणि मुख्य म्हणजे क्लेम फॉर्मवर खोटी घटना, खोटी तारीख, खाली तुमची सही. ताबा देण्यापूर्वीचं नुकसान ज्याच्या ताब्यात झालं त्याचं. त्यांचा वाहतुकीचा विमा असतो, त्यांनी बघावं.

रंगकाम टाळताच आलं नाही तर

पत्रा उघडा पडला असेल तर इलाज नाही. मग या अटी आधी लिहून घ्या. फक्त ठिगळ नको, रंग भागाच्या कडेपर्यंत. हँडल, मोल्डिंग, रबर काढून काम, नुसती चिकटपट्टी लावून नाही. रंग गाडीवरच्या कोडनुसार, आणि आधी नमुन्याच्या पत्र्यावर लावून उन्हात जुळवून दाखवायचा. मेटॅलिक आणि मोतिया पांढऱ्यात शेजारच्या भागावर शेड विरवावी लागते, लाल रंगही छळतो. काम बंद बूथमध्येच. गाडी परत घेताना दुपारी घ्या. पुढचा महिनाभर वॅक्स, सिरॅमिक काही नको, रंगातलं द्रावक उडून जाऊ द्या.

ऐकत नसतील तर

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. फुकट आहे, तक्रार कंपनीकडे जाते, आणि बऱ्याचदा एवढ्यावर काम होतं. त्यानंतर वकिलाची नोटीस, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. गाडीची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच. शुल्क नगण्य: ५ ते १० लाखांच्या गाडीला २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, त्यावर ५० लाखांपर्यंत १०००. गाडी अहमदाबादहून आणली असली तरी तुम्ही बडोद्यात राहता, तर तक्रार बडोद्यात करता येते. मुदत दोन वर्षांची. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, वकील सक्तीचा नाही.

तक्रारीत विक्रेता आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा, पण कोणी काय केलं ते वेगवेगळं लिहा. गोव्यातल्या एका ग्राहकाला २००९ सालची वापरलेली गाडी २०११ची नवी म्हणून विकली गेली. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात कंपनीला मोकळं केलं, कारण कंपनी आणि विक्रेता यांचं नातं खरेदी-विक्रीचं होतं, मालक-गुमास्त्याचं नव्हतं, आणि विक्रेत्याची लबाडी कंपनीला ठाऊक होती हे दाखवलंच गेलं नव्हतं. म्हणजे तुमची खरी पकड विक्रेत्यावर. तज्ज्ञाचा लेखी अहवाल जोडा, नुसत्या फोटोंवर भिस्त ठेवू नका.

गाडी अजून यायची असेल तर

वरचं अर्ध पुराण टळेल. पूर्ण पैसे भरण्याआधी आणि नोंदणीआधी यार्डात जाऊन गाडी बघा, दिवसा, धुतलेली. चासी क्रमांक लिहून घ्या, फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं कंपनीचं प्रमाणपत्र) आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा. धनत्रयोदशीला आणि दसऱ्याला शोरूममध्ये लग्नघरासारखी गर्दी असते, त्या दिवशी कोणाला कुठलं दार बघायला वेळ नसतो, तुम्हालाही नाही. म्हणून तपासणी दोन-तीन दिवस आधी आणि ताबा मुहूर्तावर. ऑगस्ट २०२४च्या विश्वामित्रीच्या पुरानंतर मामा यार्डात गेले की सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघतात आणि कार्पेटखाली बोट घालतात, गाळाची रेघ तिथे राहते. ताब्याच्या कागदावर सही करताना खाली पेनानं लिहा: "रंगाची तपासणी सूर्यप्रकाशात झालेली नाही." काउंटरवरचा मुलगा नाक मुरडेल, पण प्रत देईल.

आणि स्वस्तिक काचेवर काढा. आईला मी तेवढं पटवलं आहे, पुढच्या गाडीसाठी.